माझं झालंय

लेकीची पहिलीच कादंबरी, पण आईला एका जागी बसून ती वाचवेना. पानोपानी विजेच्या तारा, निऑनचे दिवे आणि विचार करणारी यंत्रं. “कुठून सुचतं हे कार्टीला!” म्हणत ती उठायची, खिडकीशी जायची, पुन्हा पुस्तक उघडायची. समोर लेक नखं कुरतडत बसलेली. शेवटच्या प्रकरणात शहराची वीज संपत आली, एकालाच पुरेल एवढी उरली. मोठं यंत्र छोट्याला म्हणालं, “माझं झालंय, तू घे.” छोट्यानं हळूच त्याचा प्लग चाचपला. चार्जिंग झालं असतं, तर तो गरम लागला असता; पण तो थंडगार होता. आईनं फटकन पुस्तक मिटलं. पडत्या काळात जेवण एकीपुरतंच असलं, की ‘आत्ताच घासलं’ म्हणून स्वतःचं ताट दाखवत तीही हेच सांगायची. “तुला कळत होतं?” तिचा आवाज चिरकला. लेक पुटपुटली, “आई, तुझं ताट कोरडं असायचं.”