दुसरी शपथ

"मी, युलोहियो बासा—"

"मी, युलोहियो बासा," म्हातारा म्हणाला. आवाज खणखणीत. त्याच्या बायकोला, पासिताला, हायसं वाटलं.

वर इस्त्रीचा बारोंग सदरा, खाली पायजमा. पँट चढवताना तो लाथा झाडायला लागला तेव्हा तिनं नाद सोडला होता. "वरच्या अंगानं घे शपथ. खालचं कोण बघतंय?"

दारात शेजारीण लुर्देस, हातात गरम तुपिगचं ताट. पाहुणीचं तोंड गोड करायला.

पाहुणी म्हणजे लाओआगच्या इमिग्रेशन कार्यालयातली अग्बायानीबाई. वयानं नातीएवढी. आजोबांना चालवत नाही, म्हणून शपथ द्यायला स्वतः घरी आलेली. पायरीवरच तिनं पासिताला बजावलं होतं, "आजी, त्यांनी आपल्या तोंडानं म्हणायला हवं, आणि समजून. तेवढं झालं की ते पुन्हा फिलिपिनो. नाही झालं, तर माझ्या हातात काही नाही."

हवाईहून परतल्यापासून म्हाताऱ्याचं एकच पालुपद होतं. मला माझ्या गावात पाहुणा म्हणून मरायचं नाही. हल्ली तो तेही म्हणत नसे.

"मी फिलिपिन्सच्या राज्यघटनेचं—"

"मी..."

तो थांबला. खांदे ताठ झाले. उजवा हात आणखी वर गेला. आणि मग इंग्रजीत, एकदाही न अडखळता:

"मी जाहीर करतो, की आजवर मी ज्या कोणत्या परक्या देशाचा नागरिक होतो, त्याच्यावरची सारी निष्ठा मी संपूर्णपणे—"

"आजोबा, थांबा."

"—संपूर्णपणे टाकून देतो."

"ही कुठली गं?" लुर्देसनं विचारलं.

"अमेरिकेची," अग्बायानीबाई हळूच म्हणाली.

पासिता त्याच्या कानाशी वाकली. "ती झाली रे घेऊन. कधीच झाली. आता आपली घे. ही म्हणेल तसं म्हण. पोपटासारखं म्हण, पण म्हण."

पुन्हा.

मी.

युलोहियो बासा.

फिलिपिन्सच्या.

परक्या देशाच्या.

फिलिपिन्सच्या, म्हाताऱ्या.

परक्या.

अग्बायानीबाईनं पेनाला टोपण लावलं. "पुढच्या महिन्यात येते मी परत, आजी. कधीकधी सकाळी डोकं ताजं असतं त्यांचं."

आत्ता सकाळच होती. पासितानं मान डोलावली.

त्याचा हात अजून वरच होता. तिनं मनगट धरून तो खाली आणला, तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. कचेरीतल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, अदबीनं. चेहरा आनंदानं फुललेला.

"झालो ना मी, ताई? अमेरिकन?"

लुर्देसनं ताट जमिनीवर ठेवलं.

"झालात," पासिता म्हणाली.

"मग आता बायकोला बोलावता येईल मला. एकटी आहे हो ती तिकडे गावात. शब्द दिलाय मी तिला." तो जरा पुढं झुकला. "इतकी वर्षं झाली. येईल ना ती?"

पासितानं त्याच्या बारोंगचं वरचं बटण काढलं, गळा मोकळा केला.

"कळवून तर बघा," ती म्हणाली. "वाटच बघत असेल."