भाट्याच्या वाळूवर

भाट्याच्या किनाऱ्यावर सुनेत्रा दुसऱ्यांदा उभी राहिली, तेव्हा पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. जैसलमेरच्या वाळवंटातल्या ट्रेकला तिला जायचंच होतं. पण ट्रेक नेणारे बर्गे सर म्हणाले होते, “आधी कोरड्या वाळूत माझ्यासोबत तासभर चालून दाखवा.”

पहिल्या वेळी कृत्रिम घोट्यात वाळू शिरली आणि ती अर्ध्या वाटेतच अडली. रडवेली होऊन घरी आली, तेव्हा सासूबाईंनी जुना रेनकोट फाडला आणि मशीनवर त्या पायाच्या मापाची घट्ट खोळ शिवली. “आता जा,” त्या म्हणाल्या, “बघू कशी शिरते वाळू!”

आज कणभरही शिरली नाही. सुनेत्रा सुरूच्या बनापासून थेट खाडीच्या मुखापर्यंत चालत गेली आणि तशीच परत आली. मागून धापा टाकत आलेले बर्गे सर वाळूतच बसले. “तुमचं नाव पक्कं, ताई!”

सुनेत्राने सॅक खाली टाकली आणि दोन्ही हात उंचावून अशी ओरडली, की जाळी आवरणारे कोळी वळून बघायला लागले.

“एकच सांगतो,” सर गंभीर होत म्हणाले, “तिकडे विंचू असतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. भीती नाही ना वाटणार?”

“वाटेल की,” डाव्या पायावर टिचकी मारत ती खदखदून हसली, “पण तुमच्या निम्मीच!”