जयदेवचं ताट

लग्न होऊन तुळशी अंबरनाथला आली, तेव्हापासून नवऱ्याचं ताट वेगळंच. त्यावर ‘जयदेव’ नाव कोरलेलं. सासूबाई ते स्वतः घासायच्या, वेगळं पालथं घालायच्या. “आईचा लाडका,” तुळशी पालेगावच्या माहेरी कौतुकानं सांगायची. जयदेव उठला की रीतीप्रमाणे त्याच उष्ट्या ताटात जेवायची. सासूबाई तेवढ्यापुरत्या देव्हाऱ्याकडे तोंड फिरवायच्या. जयदेव गेला, तेव्हा ‘कावीळ होती’ म्हणाल्या. आज सरकारी दवाखान्यात तुळशीला एड्स निघाला. “जेवणाखाण्यातून पसरत नाही,” नर्सबाईंनी पाठीवर हात ठेवून समजावलं. तेवढाच धीर घेऊन ती घरी आली. सासूबाईंनी काही विचारलंच नाही. फळीवरचं तेच ताट काढून भात वाढला. “आता यातच जेव गो.” “लग्नाआधीच ठाऊक होतं तुम्हाला?” “पोराचा संसार व्हावा, असं वाटलं.” तुळशीनं ताट सरकवलं. “आई, ताट वेगळं करायचं सुचलं, अंथरूण नाही सुचलं?”