वळणावरची पायवाट

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर गावाने फिरायचा रस्ता केला. उद्घाटनाच्या भाषणात मास्तर कळवळून बोलले. "बारा वर्षं याच गाडीने शाळेत शिकवायला गेलो. तोट्याचं निमित्त काढून वरच्यांनी आपली गाडी बंद पाडली!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग सगळे नव्या रस्त्यावरून चालत पहिल्या वळणाशी आले. मास्तरांच्या नातीने विचारलं, "आजोबा, स्टेशन तर तिकडे लांब राहिलं. मग गावात जाणारी ही पायवाट इथे कशी?"

"ती होतीच गं आधीपासून. चल पुढे."

"होतीच की," मागून जुना तिकीटबाबू बोलला. गाडीबरोबर त्याची नोकरीही गेली होती. "इथे गाडी हळू व्हायची, पोरी. मी तिकडे स्टेशनच्या दारात तिकिटं मागायला उभा, आणि अख्खं गाव इथे उड्या टाकून पसार! सगळ्यात लांब उडी तुझ्या आजोबांची."

मास्तर चष्मा पुसू लागले. बाकीचे आपापल्या चपला न्याहाळू लागले.

"खरंच, आजोबा?" नात हरखून टाळ्या वाजवू लागली. आता टाळ्या वाजवणारी ती एकटीच होती.