खिडकीजवळचा दिवा

“हा दिवा खोलीच्या मधोमध घ्यायचाय, काका. आजच्या आज होईल ना?”

वायरमनने मान वर केली. दिवा अगदी खिडकीच्या डोक्यावर होता. जुन्या घरांत तो तिथेच असायचा. चाळीस वर्षांत त्याने असे पन्नास तरी दिवे मधे सरकवले असतील.

“होईल की. पण त्यापेक्षा टेबलच खिडकीपाशी घ्या ना, ताई. छताला भोक पाडायला नको.”

“खिडकीपाशी नको,” ती घाईने म्हणाली. मग जरा सावरून, “शिवायला बसलं की माझीच सावली कापडावर पडते. काल सुई बोटात गेली.”

दुपारचे चार वाजले होते, तरी खिडकीचा पडदा ओढलेला होता. कोपऱ्यातल्या पलंगावर एक वाकलेली म्हातारी बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

“आई का तुमच्या?”

“सासूबाई.”

वायरमनला कामाबरोबर तोंड चालवायची सवय होती. शिडीवर चढता चढता त्याने विचारलं, “आणि मावशी, चिरंजीव कुठे असतात?”

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

“तो आमच्यात नाही,” म्हातारी म्हणाली.

“अरेरे. माफ करा हं.”

“माफी कसली? आहे धडधाकट. आमच्यात नाही, एवढंच.” तिने प्लास्टरचा हात जरा छातीशी ओढला. “आणि नसलेलाच बरा.”

वायरमन कामाला लागला. छताला भोक पाडलं, पट्टी ठोकली, वायर ओढली. खाली उतरेपर्यंत अंधारून आलं होतं. त्याने बटण दाबलं आणि टेबल उजळून निघालं. सून चक्क हसली. तिने एक कापड उचलून दिव्याखाली धरलं, टाका निरखून पाहिला.

“पण काका, आधीच्या लोकांनी दिवा खिडकीत का हो लावला असेल?”

“जुन्या लोकांची खोड. दुसरं काय?” वायरमन म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून निघाला.

गुडघा दुखत होता म्हणून रस्ता ओलांडल्यावर तो जरा टेकला. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक माणूस आधीच बसला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट. तो वर बघत होता. वायरमननेही सहज वर पाहिलं.

वरच्या मजल्यावर, मघाच्याच खिडकीच्या पडद्यावर दोन बायका होत्या. एक उंच, एक वाकलेली. उंच बाई वाकलेल्या बाईचे केस विंचरत होती. कंगव्याचे दातसुद्धा मोजता आले असते.

तेव्हा कुठे वायरमनला उमगलं. दिवा खिडकीपाशी असला, की माणसं त्याच्या आतल्या बाजूला राहतात आणि सावल्या मागच्या भिंतीवर जातात. दिवा मधे आणला, की जो कोणी त्याच्या नि खिडकीच्या मधून जाईल तो पडद्यावर उमटतो. चाळीस वर्षांत काम संपवून त्याने कधी रस्त्यावरून मागे वळून पाहिलं नव्हतं.

“वरती तुम्हीच काम करत होता का, काका?” माणसाने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

“हो. गोदाम आहे कोणाचं तरी. रिकामंच आहे.”

“रिकामं.” माणूस हसला. पडद्यावरून त्याने नजर हलवली नाही. “चार दिवस या गल्लीत बसतोय. सगळ्या खिडक्या सारख्याच दिसायच्या. आणि आज बघा.” त्याने वाकलेल्या सावलीकडे बोट दाखवलं. “हात अजून गळ्यातच आहे तिचा. इतक्या दिवसांत जुळून यायला हवा होता.”

शिडी पुन्हा खांद्यावर घेऊन वायरमन उठला. “पक्कड विसरलो वाटतं,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला आणि परत रस्ता ओलांडला. पळावंसं वाटत होतं, पण पळालो तर त्याला कळेल, म्हणून तो रोजच्यासारखा लंगडतच गेला.

जिन्याखाली मीटरची फळी होती. वरच्या मजल्याचा फ्यूज कोणता, हे त्याला चाचपूनही कळलं असतं. त्याने तो उपसून खिशात टाकला. बाहेर रस्त्यावर पडलेला खिडकीचा उजेड विझला. त्याने श्वास सोडला. आता वर जायचं, दोघींना सांगायचं, मागच्या बाजूला दुसरा जिना असेल तर तिथून काढायचं. त्याने कठड्याला हात लावला.

तेवढ्यात वर कड्या निघाल्या. एक, दोन, तीन. दार उघडलं.

“लाइट गेली वाटतं,” म्हातारीचा आवाज जिन्यातून खाली आला. “वायरमनदादा, आहात का हो अजून?”

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“आहे,” त्याच्या मागे, रस्त्याकडच्या दारातून उत्तर गेलं. “आलोच, आई.”



वायरमनने खांद्यावरची शिडी उतरवली, जिन्यात आडवी घातली आणि दोन्ही हातांनी धरून तिच्यामागे उभा राहिला. अंधारात बुटांचा आवाज एक एक पाऊल जवळ येत होता. त्याचे कान मात्र वर होते. दार लागल्याचा आवाज यायला हवा होता. तो येत नव्हता.