दर्याचा हात

केसर गेली हे धर्माजीला किनाऱ्यावर कळलं. होडी वाळूला लागली तेव्हा बाकीच्यांच्या बायका पाट्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. केसर नव्हती. तिची पाटी शेजारच्या ठमाबाईच्या हातात होती. धर्माजीने पाटी ओळखली आणि तो होडीतच उभा राहिला.

"उतर खाली," ठमाबाई म्हणाली. "ताप भरला व्हता. दोन रोजात आटपलं. तुझी वाट कुठवर बघणार? काल अग्नी दिला."

धर्माजी उतरला. मासळी त्याने त्याच पाटीत भरली, ठमाबाईच्या डोक्यावर चढवून दिली आणि मग घरी गेला. निघताना केसर म्हणाली होती, "यंदा तरी मनावर घ्या." तो म्हणाला होता, "पुढल्या साली." दरवर्षी दोघं एवढंच बोलत.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची ही गोष्ट. पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर चौलचे हरेश्वर मास्तर कोळीवाड्यात आले. वाचनालयामागच्या दोन खोल्यांत त्यांनी वस्तुसंग्रहालय मांडलं होतं. जुनी नाणी होती, तोफेचे गोळे होते, देवळातले फुटके खांब होते. कोळ्यांचं काहीच नव्हतं. ते मास्तरांना बरं वाटत नव्हतं.

"आमच्या घरात हाय त्येच तिथं बघायला कोण येनार, मास्तर?" तुळशीराम हसून म्हणाला.

"घरात आहे तोवर कोणी बघत नाही, तुळशीराम. संपलं की शोधत फिराल."

मग कुणी जुनं जाळं दिलं, कुणी मोडकं वल्हं दिलं. धर्माजीने ट्रंक उघडली आणि केसरचं लग्नातलं हिरवं लुगडं दिलं. नेसणारी कोणी राहिली नव्हती. मास्तर म्हणाले, पेणला एक मूर्तिकार कोळणीचा पुतळा करतोय, त्याला हेच लुगडं नेसवू. धर्माजीने मान हलवली.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून झाल्यावर सगळा वाडा नटूनथटून संग्रहालय बघायला गेला. धर्माजीला जायचं नव्हतं. ठमाबाईने त्याला जवळजवळ ओढत नेलं.

आपलंच जाळं भिंतीवर टांगलेलं बघून माणसांना गंमत वाटली. पुतळ्यापुढे बायकांनी गर्दी केली. मूर्तिकाराचा हात गौरी घडवून घडवून बसलेला. कोळीणही गौरीसारखीच झाली होती. रंग गोरा, ओठ लाल.

"या बाईला सुकटीचा वास तरी सोसंल का गो?"

"बाजारात बसली तर मासळी फुकट वाटंल ही!"

बायका हसत होत्या. धर्माजी मागे उभा होता. तो तोंडाकडे बघत नव्हता. लुगड्याच्या काठाकडे बघत होता.

तेवढ्यात ठमाबाई ओरडली, "अगो बाय! हिच्या उजव्या हातात बांगड्या!"

हसणं थांबलं. खरंच, पुतळ्याचे दोन्ही हात हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरले होते. गौरीचे भरतात तसे.

"चुकलं का काही?" मास्तरांनी विचारलं.

"चुकलं म्हंजे? उजवा हात दर्याचा, मास्तर! लग्न झालं की कोळीण त्या हातच्या बांगड्या दर्याला देते. माझ्या धन्याला राख म्हनून. मंग धनी दर्यावर जातोय तवर त्यो हात मोकळाच. उद्या आमची पोरं होड्या घालनार, नि हितं तुमी दर्याचं देनं परत घेतलंत! काढा, काढा आधी!"

मास्तर गडबडले. "काढतो, ठमाबाई. आत्ता काढतो." ते पुतळ्याजवळ गेले आणि त्यांनी उजवं मनगट धरलं.

धर्माजीला दारातला कासार आठवला. केसर डावा हात पुढे करायची आणि उजवा पदराखाली घ्यायची. कासार गेला की म्हणायची, "होडी विका आता. वाडीत कुनाच्या बी नारळाला पानी घाला, पन दर्या सोडा. एकदा तरी दोनी हात भरून बसते की." तिच्या देण्यावर तो दरवेळी सुखरूप परत आला होता. आणि दरवेळी म्हणाला होता, पुढल्या साली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," धर्माजी म्हणाला.

ठमाबाई वळली. "खुळा झालास काय रं? दर्या कोपंल!"

"कोपला तर माज्यावर कोपंल. लुगडं माझ्या घरचं हाय, ठमावयनी. हात बी माझ्याच घरचा. दर्याचं काय त्ये मी बघीन."

ठमाबाईने परत लुगड्याकडे पाहिलं. केसरच्या लग्नात ते तिनेच केसरला नेसवलं होतं. ती पुतळ्यापुढून बाजूला झाली. मास्तरांनी मनगट सोडलं.

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या सगळ्या होड्या पाण्यात गेल्या. धर्माजी किनाऱ्यावर बसून राहिला. त्याची होडी वाळूवरच होती, आणि अजून तिथेच आहे. ती विकायची तेवढी राहिली आहे.