चौथ्या गिलासातला वाळा

"चारही गिलासात एकच वाइन हाय, पोरी. चुकलं म्हण अन् मोकळी हो."

"पयल्या तिनात एक हाय. चौथ्यात वाळा हाय."

"वाळा?" खुशालराव हसले. "कूलरात टाकतेत तो?"

"तोच. हसू नका."

आरती बोलून गेली. तिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आता गेली नोकरी.

अमरावतीत बडनेरा रोडले खुशालरावांचं नवं हॉटेल उघडून राहिलं होतं. वाइन पारखून घ्यायले माणूस पायजे होता. सहा जण आले. प्रत्येकापुढं पांढऱ्या वाइनचे चार गिलास, गिलासांच्या बुडावर फक्त आकडे. कशात काय फरक, ते कागदावर लिहायचं.

शुभम पुण्याहून हॉटेलचा कोर्स करून आलेला. त्यानं एकात सफरचंद लिहिलं, दुसऱ्यात लिंबू, तिसऱ्यात ओला दगड. बाकीच्यांनीही असंच कायकाय लिहिलं. मग खुशालरावांनी सांगतलं, चारही एकच हाय. पाच जणांची तोंडं उतरली. आरतीनं लिहिलं होतं, तीन सारखे, चौथा वेगळा.

तिनं नववीतच शाळा सोडली होती. दहा वर्षं बापासंगं संत्र्याच्या मंडीत होती. पेटी न उघडता सांगे, कोणत्या कोपऱ्यात संत्रं सडलं. आता बापाची पाठ गेली होती, मंडी सुटून राहिली होती. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

"जवळ तूच आली," खुशालराव म्हणाले. "चौथ्याचं चुकलं म्हण, अन् उद्यापासून ये."

"म्हण न व," शुभम कुजबुजला. "फुकटात भेटून राहिली नोकरी."

"तू गप बस, ओला दगड."

तिनं ओढणी डोळ्याले बांधली. "फिरवा गिलास."

शुभमनं तीनदा फिरवले. तिन्ही वेळा तिचा हात चौथ्यावरच गेला.

आता खुशालरावही खुर्चीतून उठले. वाइनीत वाळा येईन कुठून? त्यांनी सैपाकघराकडं हाक मारली. गिलास भरणाऱ्या सुंदराबाई पदराले हात पुसत आल्या.

"बाटल्या कुठी ठेवल्या होत्या?"

"कूलरच्या टाकीत. फ्रीज कुठी आला अजून, साहेब?"

"टाकीत वाळा हाय का?"

"हाय न, जुडीच्या जुडी. पयली बाटली पुसून घेतली मी. साऱ्यांचे तीन-तीन गिलास भरले अन् ते सरली. दुसरीच्या वक्ताले तुमीच घाई लावली. तशीच वली ओतली. गळलं असन पाणी."

साऱ्यांनी आपापला चौथा गिलास नाकाशी नेला. "खरंच बे!" शुभम वरडला. सुंदराबाईंनीही वास घेतला अन् जीभ चावली.

खुशालराव तेवढे उभेच राहिले. आरतीच्या ध्यानात आलं, या माणसानं सकाळपासून एकही गिलास नाकाशी नेला नाही. तिनं एक उचलला अन् त्यांच्यापुढं धरला.

"तुमीबी पाहा न, साहेब."

त्यांनी डोळे मिटले. लांब श्वास ओढला.

"वा! वाळाच वाळा."

आरती त्यांच्याजवळ सरकली. आवाज उतरवून म्हणाली, "साहेब, हा पयला गिलास हाय."

खुशालरावांनी गिलास खाली ठेवला. बाकीचे हसण्यात गुंग होते.

"तीन वर्षं झाले," ते तिच्यापुरतंच बोलले. "तापात गेला, तो वास काही वापस आला नाही. घरीबी माहीत नाही कोणाले."

"मंग अशी परीक्षा कावून घेतली?"

"मंग कशी घेऊ? नाकाशिवाय तपासता येईन, असा हा एकच पेपर होता माझ्यापाशी. अन् त्याचंही उत्तर माझंच चुकलं." त्यांनी गाडीची चाबी उचलली. "उद्या दहाले ये. मले आता निघा लागते."